जुन्या संगणकीय खेळांचे जतन : इतिहाससाधनांच्या दृष्टीने एक अभ्यास

बीजशब्द : विज्ञानकथा, संगणकीय खेळ, अस्सल साधने, पाठचिकित्सा, जतन

प्रस्तावना

इतिहासलेखन अस्सल साधनांवर उभे असावे, हा आग्रह महाराष्ट्रात वि. का. राजवाडे यांनी धरला. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जुन्या दप्तरांत पडून असलेल्या कागदांचे मोल अभ्यासकांना कळले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाची साधने मात्र केवळ कागदावर नाहीत. छिद्रित फिती, चुंबकीय फिती व संगणकाच्या तबकड्या यांवरही ती आहेत. त्यांतील विज्ञानकथा, खेळ व संगणकजाळ्यांवरील चर्चा यांना 'करमणूक' समजून दीर्घकाळ बाजूस ठेवण्यात आले. हे साहित्य अस्सल साधन ठरते काय, ते कोणी जपले आणि आस्वाद व जतन यांचा परस्परसंबंध काय, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विज्ञानकथेतून खेळाकडे : 'स्पेसवॉर'

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेस १९६१ मध्ये पीडीपी-१ हा संगणक मिळाला. त्यावर स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये 'स्पेसवॉर' हा खेळ सिद्ध केला. त्यामागील प्रेरणा ई. ई. स्मिथ यांच्या अंतराळयुद्धाच्या कादंबऱ्यांची होती. पुढे पीटर सॅमसन यांनी पार्श्वभूमीस खऱ्या ताऱ्यांचा नकाशा जोडला, तर डॅन एडवर्ड्स यांनी गुरुत्वाकर्षणाची गणिते घातली. अशा प्रकारे एक लोकप्रिय वाङ्मयप्रकार तंत्रज्ञानाच्या इतिहासात उतरला. कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने पीडीपी-१ संगणक दुरुस्त करून चालू केला असून त्यावर हा खेळ आजही खेळता येतो. खेळाचे वर्णन वाचणे आणि मूळ यंत्रावर तो अनुभवणे यांतील अंतर, संगीताचे स्वरलेखन पाहणे व गायन ऐकणे यांतील अंतराइतकेच मोठे आहे.

मूळ संहितेचा शोध : 'अ‍ॅडव्हेंचर'

दुसरे उदाहरण इतिहासाच्या अभ्यासकास अधिक उद्बोधक वाटेल. अमेरिकेच्या अर्पानेट या संगणकजाळ्याच्या उभारणीत सहभागी असलेले विल क्राउदर हे हौशी गुहासंशोधकही होते. केंटकी राज्यातील मॅमथ गुहासमूहाच्या सर्वेक्षणात त्यांनी व त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांनी भाग घेतला होता. विवाहविच्छेदानंतर, १९७५-७६ च्या सुमारास, आपल्या मुलींना खेळता यावा म्हणून त्यांनी फोरट्रान भाषेत एक शब्दप्रधान खेळ लिहिला. खेळाडूने एकदोन शब्दांच्या आज्ञा द्याव्यात आणि संगणकाने पुढील दालनाचे वर्णन करावे, असे त्याचे स्वरूप होते. स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये त्याचा विस्तार केला. ही विस्तारित आवृत्तीच सर्वत्र पसरली आणि क्राउदर यांची मूळ संहिता नष्ट झाली असे मानले जाऊ लागले.

संहिता हाती नसल्याने एक समज रूढ झाला. क्राउदर यांनी केवळ गुहेचे यथातथ्य चित्रण केले आणि जादू, बुटके इत्यादी अद्भुताचा भाग वुड्स यांनी नंतर घातला, असा तो समज होय. २००५ मध्ये वुड्स यांच्या विद्यार्थिदशेतील संगणकखात्याच्या राखीव प्रतींमध्ये मूळ संहिता सापडली. डेनिस जर्झ या अभ्यासकाने तिचे परीक्षण केले, प्रत्यक्ष गुहेत उतरून दालनांची पडताळणी केली आणि २००७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यावरून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. खेळातील अनेक दालने खऱ्या गुहेशी जुळतात. परंतु कुऱ्हाड फेकणारा बुटका व जादूचे शब्द हेही मूळ संहितेतच होते. म्हणजेच रूढ समज निराधार ठरला. जुन्या पोथ्यांच्या बाबतीत मूळ पाठ कोणता व प्रक्षिप्त भाग कोणता हे ठरविण्याची जी पाठचिकित्सा आपण करतो, तीच येथे संगणकाच्या आज्ञावलीस लागू पडली.

चर्चांचे दप्तर : 'यूजनेट'

ड्यूक विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये कल्पिलेल्या 'यूजनेट' या जाळ्यावर विज्ञानकथाप्रेमींच्या चर्चा प्रारंभापासूनच रंगत असत. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात संगणकव्यवस्था पाहणारे हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ पासून सुमारे दहा वर्षांचे लेखन १४१ चुंबकीय फितींवर साठवून ठेवले. २००१ मध्ये ते गूगलच्या संग्रहात सर्वांना खुले झाले. पहिल्या दशकाचे हे दप्तर एका व्यक्तीच्या दक्षतेमुळे वाचले, ही बाब समाधानाची तशीच चिंतेचीही आहे.

आस्वाद आणि जतन

वरील तिन्ही उदाहरणांत जतनाचा आरंभ शासकीय अभिलेखागारांनी केलेला नाही. तो त्या साहित्यात रमणाऱ्यांनी व ते हाताळणाऱ्यांनी केला. कायद्याची दृष्टी मात्र वेगळी आहे. २०२३ च्या एका अमेरिकी अभ्यासानुसार २०१० पूर्वी तेथे प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नाहीत. तरीही ग्रंथालयांनी असे खेळ अभ्यासकांना दूरस्थ पद्धतीने उपलब्ध करून देण्याची मागणी ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली गेली. करमणुकीसाठी वापर होईल ही भीती त्यामागे होती. प्रस्तुत लेखकाच्या मते ही विभागणी कृत्रिम आहे. नाटकाचा अभ्यासक प्रयोग पाहतो, तसा खेळाच्या अभ्यासकाने खेळ खेळलाच पाहिजे. हक्कधारकांचे हितसंबंध नाकारता येत नाहीत. पण जे विक्रीसच नाही, त्याच्या अभ्यासाने बाजाराची हानी होते हे पटत नाही.

निष्कर्ष

जुने संगणकीय साहित्य अस्सल साधन आहे आणि त्याच्या अभावी इतिहासात चुकीचे समज रुजतात, हे 'अ‍ॅडव्हेंचर'च्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मराठीचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचा पुष्कळसा मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टवर अवलंबून होता. तो फॉन्ट नसल्यास अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. महाविद्यालयांची त्या काळातील नियतकालिके, स्मरणिका व प्रबंध यांच्या संगणकीय प्रती याच अवस्थेत असू शकतात. त्या फॉन्टसह जपणे, युनिकोडमध्ये रूपांतरित करणे आणि मूळ प्रत न पुसणे, एवढे काम प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयास करता येण्याजोगे आहे. राजवाडे यांच्या काळी कागदांना वाळवीचे भय होते. आजचा मजकूर धडधाकट असूनही वाचता न येण्याचे भय आहे.