पायावरची सूज कोणाच्या खात्यात?

तर मंडळी, या शनिवारचा विषय जरा रूक्ष आहे: सूज. ठेच लागल्यावर येते ती नव्हे. आधी पाय, मग पोट, मग चेहरा अशी हळूहळू भरत जाते ती. आमच्या शिरूर-दौंडकडची म्हातारी माणसं "अंगात पाणी झालंय" म्हणतात, आणि ते शब्दशः खरं असतं. मग तपासणाऱ्याला हे पाणी इतक्यांदा दिसत कसं नाही? या वैतागातून थोडा इतिहास वाचला, तो इथे मांडतोय.

चरकसंहितेत सुजेवर, म्हणजे 'श्वयथु'वर, वेगळा अध्याय आहे. बोटानं दाबल्यावर खळगा परत वर येतो की तसाच राहतो, सूज दिवसा जास्त की रात्री, यावरून तिचे प्रकार सांगितलेत. सुश्रुतानं जलोदरात पोटाला छिद्र पाडून नळीनं पाणी काढायला सांगितलंय, आणि वर बजावलंय की सगळं एकाच दिवशी काढू नका. त्यामागचा सिद्धांत आज पटो न पटो, निरीक्षण पक्कं होतं. वैद्य अंगाला हात लावत होता.

युरोपात याच आजाराला 'ड्रॉप्सी' म्हणत. विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरला एका बाईच्या घरगुती काढ्याचा पत्ता लागला. काढ्यात वीसेक वनस्पती होत्या, पण गुण येत होता तो 'फॉक्सग्लोव्ह'मुळे, हे त्यानं ओळखलं. दीडशेवर रुग्णांच्या नोंदी ठेवून १७८५ साली त्यानं पुस्तक काढलं. हृदयाच्या आजारात दिलं जाणारं डिजिटॅलिस ते हेच. पुढं १८२७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ब्राइटनं दाखवलं, की काही सुजलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात तापवली तर अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठते, आणि अशांची मूत्रपिंडं बिघडलेली असतात.

खरी कलाटणी इथं आहे. एका ड्रॉप्सीचे हृदय, मूत्रपिंड, यकृत असे वाटे झाले. सूज हा 'रोग' राहिला नाही, नुसतं 'लक्षण' झाली. विज्ञान म्हणून ही मोठीच झेप, त्याबद्दल वाद नाही. पण आपल्या भाषेत सांगायचं तर बग एक, मॉड्यूल तीन, आणि टिकेट कोणाच्याच नावावर नाही!

नाव बदललं की पाणी कसं झाकलं जातं, याचं पुण्यातलं उदाहरण म्हणजे नामदार गोखले. त्यांना मधुमेह होता आणि हृदयविकारातून येणारा 'दमा' होता. नाव दम्याचं, पण या दुखण्यात मूळ भानगड हृदय थकल्यामुळं फुप्फुसात साचणाऱ्या पाण्याची असते. १९१५ च्या सुरुवातीला गांधीजी पुण्यात भारत सेवक समाजात आले, तेव्हा त्यांच्यासाठी ठेवलेल्या समारंभातच गोखल्यांना भोवळ आली. १९ फेब्रुवारीला ते गेले, वय अवघं ४८. त्यांच्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण हातात साधनंच नव्हती. पाऱ्याच्या इंजेक्शननं भरपूर लघवी होते हे व्हिएन्नात लक्षात आलं ते १९१९ मध्ये, तेही दुसऱ्याच आजारावर इलाज करताना. माणसाला इन्शुलिन पहिल्यांदा दिलं गेलं १९२२ मध्ये. फ्युरोसेमाइड, म्हणजे आपली 'पाण्याची गोळी', आली १९६० च्या दशकात.

आज ती गोळी गावातल्या मेडिकलमध्ये स्वस्तात मिळते. म्हणूनच आजचं दुर्लक्ष जास्त खुपतं. माझ्या आजीला साखर आणि बीपी दोन्ही. साखरेचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, गुडघ्यांचे वेगळे. त्यासाठी पुण्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. तीन फायली झाल्या. पायाच्या सुजेवर तिन्हीकडं एकच उत्तर: "वय झालंय आजी." गुडघ्यांसाठी दिलेल्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात. बीपीच्या अॅम्लोडिपिननंही पाय सुजू शकतात. तिन्ही फायली एकत्र वाचल्या कोणी? दोन महिने ती भिंतीला टेकून बसून झोपत होती. शेवटी एका तरुण डॉक्टरनं नडगीवर अंगठा दाबला, राहिलेला खळगा बघितला आणि विचारलं, "आजी, उशा किती लागतात?" निदानाची सुरुवात तिथून झाली.

ओपीडीत शंभर माणसं असतात, मान्य. पण अंगठा दाबायला दहा सेकंद लागतात आणि त्याला मशीन लागत नाही.

तोवर आपल्या हातात काय? वजनकाटा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि डोळ्यांना सूज दिसायच्या आधीच काही लिटर पाणी साचलेलं असू शकतं. घरात हृदयाचा किंवा किडनीचा जुना आजार असेल तर रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना गाठा. पाण्याची गोळी मात्र मनानं देऊ नका. वही दाखवा आणि सरळ म्हणा, "डॉक्टर, पाय दाबून बघा."

आजीची वही आता चौथी चालू आहे. :)