ऐनाच्या गाठी आणि आपला राब

थंडीत कर्नाळ्याला पक्षी बघायला बरेच जण जातात. १९६८ सालापासून ते अभयारण्य आहे. काटेसावर फुलली की बुलबुल, साळुंक्या, कोतवाल नुसता गोंधळ घालतात. धायटीही लाल होते. ते बघाच. पण डोंगरवाटेला जुना ऐन दिसला तर तिथेही जरा थांबा. मगरीच्या पाठीसारखी साल, आणि खोडावर जागोजागी गाठी. दरसाल टहाळ तोडून तोडून झालेल्या त्या गाठी. म्हणजे आपला राब.

नव्या पोरांसाठी सांगतो. भाताच्या रोपाच्या जागेवर शेण, टहाळ, पातेरा, गवत अंथरायचं, वर माती टाकायची आणि उन्हाळ्यात भाजायचं. तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, माती भुसभुशीत होते. नत्र मात्र जळून जातं, हे शेतीशाळेतले साहेब सांगतात ते खरंच आहे. हा टहाळ थंडीतच तोडून वाळवायचा.

१८७८ च्या कायद्याने जंगलं राखीव होत गेली आणि टहाळावर बंधनं आली. ठाणे-कुलाब्यात इतकी ओरड झाली की सरकारला १८८५ साली जंगल कमिशन नेमावं लागलं. त्यात राबाचा मोठा वाद झाला. साहेब म्हणे जंगल नासतं, कुळं म्हणत राबाशिवाय रोप होत नाही. माझ्या मते दोघांचंही खरं होतं, पण पोट एकाचंच होतं.

पुढे आमच्या गव्हाणपासून जवळच, चिरनेरला अक्कादेवीच्या डोंगरावर, २५ सप्टेंबर १९३० ला लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन जंगल कायदा मोडायला गेले. पोलिसांनी गोळ्या घातल्या. धाकू गवत्या फोफेरकर, नवश्या महादेव कातकरी असे आठ जण गेले. शेतकरी, कोळी, कातकरी, सगळे आपलेच. मामलेदार जोशीही त्याच गोळीबारात मेले.

आता बांधावर गिरिपुष्प लावा, त्याचा पाला चिखलात घाला, रोपाला भाताच्या तुसाची राख द्या. चारसूत्रीत हेच सांगितलंय. डोंगरावरचा भार तेवढा हलका होतो.

अक्कादेवीला जायचं तर पहाटे निघा, ऊन चढलं की पाखरं गप्प होतात. आणि गाठी नीट बघायच्या असतील तर फाल्गुनात जा, तेव्हा ऐनाची पानं गळलेली असतात.