कोलोनचा शिक्षक आणि त्याचा भागाकार

घरातील जुन्या पद्धतीचा, तारेचा दिवा घ्या. त्याच्या काचेवर २३० व्होल्ट, १०० वॉट असे छापलेले असते. शंभराला दोनशे तीसने भागले की दिव्यातून वाहणारा प्रवाह मिळतो. तो सुमारे ०.४३ अँपिअर भरतो. आता दाबाला या प्रवाहाने भागले की त्या तारेचा रोध निघतो, सुमारे ५३० ओम. उलट, दाब आणि प्रवाह मोजलेले असतील तर त्यांचा भागाकार म्हणजे रोध आणि गुणाकार म्हणजे शक्ती. शाळकरी मुलाला दोन ओळींत सुटणारे हे गणित. परंतु त्यातील भागाकाराची ओळ प्रथम प्रसिद्ध करणाऱ्या माणसाला ती फार महाग पडली.

गेऑर्ग सिमोन ओम याचा जन्म १७८९ साली जर्मनीतील एर्लांगेन गावी झाला. वडील कुलपे करणारे कारागीर. स्वतःच्या कष्टाने गणित शिकून त्यांनी ते मुलांनाही शिकवले. १८१७ पासून ओम कोलोनच्या एका विद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकवू लागला. तेथे बरी प्रयोगशाळा होती, आणि हाताला वडिलांच्या कारागिरीचे वळण असल्याने उपकरणे तो स्वतःच घडवी.

दाब आणि प्रवाह या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे फ्रान्समध्ये आँपेअरने १८२० साली स्पष्ट केले होते. मात्र त्यांचे परस्परांशी नाते काय, हे कोणी सांगितले नव्हते. ते सांगावे तरी कसे? आजच्यासारखा काटा फिरणारा मापक कोठेच नव्हता, आणि विजेचा घट असा लहरी की तार जोडताच त्याचा जोर उतरू लागे. याच घटाच्या भरवशावर ओमने १८२५ साली एक सूत्र प्रसिद्ध केले, आणि ते चुकले.

तेव्हा पोगेनडॉर्फ या संपादकाने त्याला सल्ला दिला की, घट सोडा आणि झेबेकने १८२१ साली दाखवलेली उष्णतेपासूनची वीज वापरा. ओमने बिस्मथची कांडी तांब्याला जोडली. एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळते आहे तोवर दोन्ही सांध्यांची तापमाने बदलत नाहीत, म्हणून विजेचा जोरही बदलत नाही. प्रवाह मोजण्यासाठी त्याने वर चुंबकसूची टांगली. प्रवाहाने सूची हलली की टांगणीला पीळ देऊन तिला मूळ जागी आणावयाचे. जेवढा पीळ, तेवढा प्रवाह. मग सारख्या जाडीच्या, पण निरनिराळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा त्याने एकामागून एक जोडून पाहिल्या. १८२६ साली हाती आलेले सूत्र असे: प्रवाह म्हणजे एक ठरावीक संख्या, भागिले तारेची लांबी अधिक दुसरी ठरावीक संख्या. पहिली संख्या विजेच्या जोराची, दुसरी मंडलातील उरलेल्या भागाच्या रोधाची. आपला भागाकार तो हाच.

याच्या कितीतरी आधी, १७८१ साली, लंडनच्या हेन्री कॅव्हेंडिशने मिठाच्या पाण्याच्या नळ्यांतून वीज सोडून आणि स्वतःच्या अंगाला बसणाऱ्या झटक्यांची तुलना करून हेच नाते ओळखले होते. परंतु त्याने ते कागद दप्तरात ठेवले. मॅक्सवेलने १८७९ साली ते छापले, तोवर त्यांचा उपयोग संपला होता.

ओमने १८२६ साली अर्ध्या पगाराची रजा घेतली (सरकारी नोकरांना तिचा अर्थ समजावून सांगायला नको), आणि बर्लिनला जाऊन १८२७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्यापीठात जागा मिळेल ही आशा होती. ग्रंथावर कडक टीका झाली. जागा मिळाली नाही. १८२८ साली त्याने कोलोनची नोकरीही सोडली. टीकाकारांना दोष देणे सोपे आहे, पण मला वाटते, थोडा दोष ओमचाही होता. फूर्येच्या उष्णतेच्या सिद्धान्ताच्या धर्तीवर रचलेल्या त्या पुस्तकात त्याने गणित पुढे केले आणि उकळते पाणी, बर्फ, पिळाची सूची हे सारे मागे ठेवले. ज्याच्यावर विश्वास बसला असता, तेच वाचकाला नीट दिसले नाही. पुढची काही वर्षे त्याने बर्लिनमध्ये किरकोळ अध्यापनावर काढली. १८३३ साली न्यूरेंबर्गला जागा मिळाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली कोप्ली पदक दिले, आणि म्यूनिकला पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ साली. १८५४ साली तो वारला.

शक्तीचा गुणाकार मात्र ओमचा नव्हे. मँचेस्टरजवळच्या सॉलफर्ड येथील मद्य गाळणाऱ्या कारखानदाराचा मुलगा जेम्स जूल याने १८४० च्या सुमारास पाण्यात तारेचे वेटोळे बुडवून, पाणी किती तापते ते मोजले. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. बारीक तारेवर मोठी शेगडी चालवली की तारच का तापते, ते यावरून कळावे. या नियमात ओमचा भागाकार घातला की दाब गुणिले प्रवाह, म्हणजे वॉट, हाती येतात.

एक सावधगिरी बाळगावी. ओमचा नियम तापमान तेच असताना लागू. आरंभीच्या दिव्याचे ५३० ओम पेटलेल्या तारेचे आहेत. विझलेल्या, थंड दिव्याचा रोध मोजाल तर तो याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरेल.

१८८१ साली पॅरिसच्या परिषदेने रोधाच्या एककाला ओमचे नाव दिले. १८९३ साली शिकागोला त्याचे माप ठरले, तेही लांबीतच: वितळत्या बर्फाच्या तापमानाला, एक चौरस मिलिमीटर छेदाच्या, १०६.३ सेंटिमीटर लांब पाऱ्याच्या स्तंभाचा रोध.