सात सह्या : फिल्म सोसायट्यांच्या बिनपगारी कार्यकारिणीची गोष्ट

भारतातील समांतर सिनेमाचा इतिहास सांगताना आपण दिग्दर्शकांची नावे घेतो. सत्यजित राय, मृणाल सेन, अडूर गोपालकृष्णन. आजचा धागा त्यांच्याविषयी नाही. तो आहे चिटणीस, खजिनदार आणि कार्यकारिणी सदस्य या मंडळींविषयी. दिवसभर कचेरीत, महाविद्यालयात नोकरी करून संध्याकाळी वर्गणीच्या पावत्या फाडणारी, रेल्वेच्या पार्सल खिडकीवर फिल्मच्या पेट्या सोडवून घेणारी ही माणसे. प्रेक्षकांना जगाचा सिनेमा दिसला तो यांच्या हातून. इतिहासग्रंथांत मात्र यांचा उल्लेख बहुधा तळटीपेतच सापडतो.

सुरुवात एका कायद्यापासून करू, कारण या साऱ्या चळवळीचा सांगाडा त्यातच आहे. १८५७च्या उठावानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८६० साली, ब्रिटिश सरकारने संस्था नोंदणी कायदा केला. वाङ्मयीन, शास्त्रीय किंवा धर्मादाय हेतूने एकत्र आलेल्या सात किंवा अधिक व्यक्तींनी घटनापत्रावर सह्या केल्या की संस्था जन्माला येते. घटनापत्रात कार्यकारिणीची नावे, पत्ते आणि व्यवसाय लिहावे लागतात. नव्या कार्यकारिणीची यादी दरवर्षी निबंधकाकडे द्यावी लागते. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे त्याला मत देता येत नाही, किंबहुना तो सदस्य म्हणून मोजलाही जात नाही. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम असे की, संस्थेविरुद्ध निकाल लागला तरी त्याची वसुली पदाधिकाऱ्याच्या खासगी मालमत्तेतून करता येत नाही, ती संस्थेच्या मालमत्तेतूनच होते. मध्यमवर्गीय नोकरदाराने चिटणीसपद स्वीकारावे, यासाठी एवढे संरक्षण आवश्यकच होते. खिशातून पदरमोड होत असे ती वेगळी. तिच्यापासून कोणताच कायदा वाचवू शकत नव्हता.

स्वातंत्र्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ऑक्टोबर १९४७मध्ये, कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन झाली. राय तेव्हा जाहिरात कंपनीत चित्रकार होते. सोबत चिदानंद दासगुप्ता, बन्सी चंद्रगुप्त, हरिसाधन दासगुप्ता अशी मंडळी. पहिला चित्रपट दाखवला तो आयझेनस्टाईनचा ‘बॅटलशिप पोटेम्किन’. सदस्य मोजके आणि पैसा त्याहून मोजका.

पुढे जे घडले ते सहसा ओझरते सांगितले जाते. १९५२च्या सुमारास ही सोसायटी जवळजवळ बंद पडली. भांडण झाले म्हणून नव्हे, तर ज्यांच्या खांद्यावर ती उभी होती त्यांनाच सिनेमात काम मिळाले म्हणून. ज्याँ रन्वार ‘द रिव्हर’साठी कलकत्त्याला आले तेव्हा बन्सी चंद्रगुप्त, हरिसाधन दासगुप्ता त्या चित्रीकरणात गुंतले. १९५२ साली राय यांनी ‘पथेर पांचाली’चे चित्रीकरण सुरू केले. कार्यकारिणी यशस्वी झाली आणि त्यामुळेच रिकामी झाली! ‘पथेर पांचाली’ गाजल्यानंतर, १९५६मध्ये, सोसायटी पुन्हा उभी राहिली. स्वयंसेवी संस्थेचा हा मूळचाच पेच आहे. तिच्यातील सर्वांत उत्साही माणूस हाच तिला सर्वांत आधी सोडून जाण्याची शक्यता असते.

आता एका मराठी स्त्रीची गोष्ट. विजया मुळे यांचा जन्म १९२१चा, मुंबईचा. लग्नानंतर त्या पाटण्याला गेल्या. १९४६मध्ये शिष्यवृत्ती मिळवून शिक्षणशास्त्राच्या अभ्यासासाठी इंग्लंडमध्ये लीड्सला पोहोचल्या आणि तेथे फिल्म सोसायटी म्हणजे काय हे त्यांनी आतून पाहिले. परतल्यावर पाटण्यात त्यांनी सोबत्यांसह सोसायटी उभारली. पुढे केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यातील नोकरीमुळे दिल्लीत आल्यावर तेथील फिल्म सोसायटीतही त्या अग्रभागी होत्या. सरकारी नोकरी, घर, मुले आणि वर सोसायटीचा पत्रव्यवहार. त्या काळात पाटण्यासारख्या शहरात एका स्त्रीने पुढाकार घेऊन परदेशी चित्रपट दाखवणारी संस्था चालवणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणेही अवघड आहे.

डिसेंबर १९५९मध्ये फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया स्थापन झाली. कलकत्ता, मुंबई, मद्रास, दिल्ली, पाटणा आणि रुडकी येथील सहा सोसायट्या एकत्र आल्या. आयझेनस्टाईनच्या चरित्रकार मेरी सीटन त्या काळात भारतभर व्याख्याने देत हिंडत होत्या. त्यांची या कामी मोठी मदत झाली. अध्यक्ष झाले सत्यजित राय आणि १९९२मध्ये निधन होईपर्यंत ते त्या पदावर राहिले. उपाध्यक्षांत घटना समितीच्या सदस्य राहिलेल्या अम्मू स्वामिनाथन होत्या. संयुक्त चिटणीस दोघे : चिदानंद दासगुप्ता आणि विजया मुळे. इंदिरा गांधी यादेखील पुढे उपाध्यक्ष झाल्या.

ही नावे पाहून कोणी म्हणेल, हा तर उच्चभ्रूंचा क्लब. आक्षेप अगदी खोटा नाही. पण कार्यकारिणीत अशी नावे का घेतली जातात, हेही पाहिले पाहिजे. फेडरेशनला सरकारकडून दोन गोष्टी हव्या होत्या : करमणूक करात सवलत आणि सेन्सॉरमधून सूट. परदेशी वकिलातीकडून चार दिवसांसाठी मिळालेला चित्रपट प्रत्येक वेळी सेन्सॉर मंडळाकडे नेणे वेळेच्या आणि पैशाच्या दृष्टीने अशक्य होते. १९६०च्या दशकात ही सूट मिळाली, पण अट घालूनच : चित्रपट केवळ नोंदणीकृत सदस्यांना दाखवायचा, दारात तिकीटविक्री करायची नाही. १९६४ ते १९६६ या काळात माहिती व नभोवाणी खाते इंदिरा गांधींकडे होते, हा योगायोग विसरता येत नाही. दुसरा योगायोग असा की, त्याच दशकात विजया मुळे यांनी काही काळ सेन्सॉर मंडळाचेही काम केले. एकीकडे कात्री, दुसरीकडे कात्रीतून सुटका मागणारी संघटना. या दोन भूमिकांचा ताण त्यांना किती जाणवला असेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

सूट मिळाली आणि कार्यकारिणीपुढे नवाच पेच उभा राहिला. ‘विनाकात्रीचा’ चित्रपट पाहायला मिळतो म्हटल्यावर सदस्य होण्यासाठी रांगा लागू लागल्या. त्यातील सर्वांनाच बर्गमन आणि ओझू यांच्याविषयी आस्था होती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पडद्यावरील नग्नता हे एक मोठे आकर्षण होते आणि ते चळवळीतल्यांनाही ठाऊक होते. आता खजिनदाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. पुढच्या महिन्यात दोन चित्रपटांचा पर्याय आहे. एकाला सभागृह भरेल, वर्गणीची थकबाकी वसूल होईल, प्रोजेक्टर भाड्याचे पैसे सुटतील. दुसऱ्याला चाळीस माणसे येतील. पण संस्था ज्यासाठी काढली, ती हीच चाळीस माणसे. पहिल्याच्या पैशातून दुसरा दाखवायचा, की पहिला दाखवायचाच नाही? अनेक सोसायट्यांनी मधला मार्ग काढला आणि त्यासाठी दोन्ही बाजूंचे टोमणे खाल्ले. मला ही तडजोड तितकीशी लाजिरवाणी वाटत नाही. नाटक कंपन्यांपासून दिवाळी अंकांपर्यंत आपल्याकडील साऱ्या सांस्कृतिक संस्था थोड्याफार फरकाने याच हिशेबावर जगल्या आहेत.

दैनंदिन काम मात्र याहून पुष्कळ रुक्ष होते. चित्रपटाच्या रिळांच्या जड पेट्या रेल्वेने गावोगाव फिरत. एका गावच्या चिटणिसाने पेटी वेळेवर पुढे पाठवली नाही, तर पुढच्या गावचा कार्यक्रम बुडालाच. १९६४मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्या कारकिर्दीत तेथून सोसायट्यांना अभिजात चित्रपट मिळू लागले. वकिलातींच्या मर्जीवरचे अवलंबन त्यामुळे बरेच कमी झाले.

महाराष्ट्रात १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले. सुधीर नांदगावकर हे नाव त्याच्याशी आणि पुढे फेडरेशनच्या कामाशी कायमचे जोडले गेले. मंडळाने केवळ खेळ लावले नाहीत. ‘वास्तव रूपवाणी’ हे नियतकालिक काढून चित्रपटाविषयी गंभीर मराठी लेखनाला हक्काची जागा दिली. मराठीत चित्रपटसमीक्षेची परिभाषा घडण्यात याचा वाटा मोठा आहे. शिवाय आपल्या राज्यात अशा संस्थांवर १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचाही (पूर्वीचे नाव मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा) अंमल असतो. म्हणजे कार्यकारिणी बदलली की धर्मादाय आयुक्तांकडे ‘चेंज रिपोर्ट’, शिवाय दरसाल तपासलेले हिशेब. फेलिनीच्या प्रेमापोटी संस्थेत आलेला माणूस शेवटी या कागदांच्या ढिगाऱ्यात बसलेला असतो.

केरळमध्ये याच्या दोन टोकांचे प्रयोग झाले. १९६५मध्ये तिरुवनंतपुरमला अडूर गोपालकृष्णन आणि सहकाऱ्यांनी चित्रलेखा फिल्म सोसायटी काढली. तिच्याच जोडीने निर्मितीसाठी सहकारी संस्था उभी राहिली आणि त्यातून १९७२चा ‘स्वयंवरम्’ आला. दुसरीकडे, १९८०च्या दशकात जॉन अब्राहम यांच्या ‘ओडेसा’ या गटाने गावोगाव फिरून लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि ‘अम्मा अरियन’ हा चित्रपट १९८६मध्ये पूर्ण केला. ‘ओडेसा’ हे नाव ‘पोटेम्किन’मधील त्या पायऱ्यांच्या शहराचे, कलकत्त्यात १९४७ साली दाखवला गेलेला तोच चित्रपट. १९८७मध्ये जॉन यांचा अपघाती मृत्यू झाला. एका माणसाच्या तेजावर उभ्या असलेल्या गटाला त्याच्या मागे काय सोसावे लागते आणि रटाळ वाटणाऱ्या कार्यकारिणीची गरज नेमकी कधी कळते, ते अशा वेळी उमगते.

१९८०च्या दशकात दूरदर्शन घरोघरी पोहोचले, पाठोपाठ व्हिडिओ कॅसेट आली. जे चित्रपट पाहायला सदस्य व्हावे लागे ते भाड्याने मिळू लागले. रांगा ओसरल्या, वर्गण्या थकल्या, अनेक सोसायट्या मिटल्या. इथे पुन्हा १८६०चा कायदा आठवतो. संस्था विसर्जित करायची तर खास बोलावलेल्या सभेत तीन पंचमांश सदस्यांची संमती लागते. आणि देणी फेडून जे उरेल, मग ते पुस्तकांचे कपाट असो वा जुना सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर, ते सदस्यांनी आपसांत वाटून घ्यायचे नसते. ते दुसऱ्या एखाद्या संस्थेकडे सोपवायचे असते. जिथे सभेला पुरेशी माणसेच जमेनाशी झाली होती, तिथे विसर्जनाचा ठराव तरी कोण करणार? अशा वेळी संस्था कागदावर तशीच राहते आणि प्रोजेक्टर शेवटच्या चिटणिसाच्या माळ्यावर.