अफूचे कुलूप आणि श्रेयाची वाटणी

अफू आपल्याला परकी नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. आणि १९२० च्या सुमारास गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्या पोरांना बाळगोळी देऊन निजवीत, तीतही अफूच असे. ही गोळी मेंदूत नेमकी धरते कशाला, हे मात्र त्यानंतर पन्नास वर्षे कोणी दाखवून दिले नाही.

ते दाखविले बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट या सव्वीस वर्षांच्या विद्यार्थिनीने. सॉलोमन स्नायडर हे त्यांचे मार्गदर्शक. किल्लीला कुलूप असते तशी औषधाला पेशीवर जागा असते. तिला ग्राही म्हणतात. पण औषध मेंदूच्या लगद्याला कोठेही चिकटते, ही अडचण. पर्टबाईंनी अफूवरचा उतारा असलेले नॅलोक्सोन किरणोत्सर्गी रूपात घेतले, उंदराच्या मेंदूच्या लगद्यात मिसळले आणि झटपट गाळून धुतले. सैल चिकटलेले वाहून गेले, कुलपात बसलेले राहिले. खरी कसोटी पुढेच होती. लेव्हॉर्फॅनॉल व डेक्स्ट्रॉर्फन ही द्रव्ये डाव्या-उजव्या चपलेसारखी. घडण एक, वळण उलटे. वेदना शमविते ते पहिले, आणि नॅलोक्सोनला जागेवरून हुसकले तेही पहिल्यानेच. मार्च १९७३ च्या ‘सायन्स’मध्ये लेख आला. नावे दोन, पर्टबाईंचे पहिले. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे एरिक सायमन आणि उप्सालाचे लार्स टेरेनियस यांनीही स्वतंत्रपणे तेच दाखविले.

पण मेंदूत अफूसाठी कुलूप असावेच कशाला? शरीर स्वतःची किल्ली घडवीत असले पाहिजे. १९७५ मध्ये ॲबर्डीनच्या ह्यूजेस व कॉस्टरलिट्झ यांनी ती डुकराच्या मेंदूतून काढली.

१९७८ चे लास्कर पारितोषिक या दोघांना आणि स्नायडरांना मिळाले. पर्टबाई वगळल्या गेल्या. त्यांनी पत्र लिहून निषेध कळविला. १९९७ च्या आपल्या पुस्तकात त्या सांगतात की, हा प्रयोग सोडून दे असे गुरूंनी सांगितले होते, तो त्यांनी गुपचूप केला. ही एका बाजूची साक्ष, हे खरे. प्रयोगशाळा, पैसा आणि दिशा स्नायडरांची, हेही खरे. पण ज्याचा साचा त्याचेच सारे कापड, हा हिशेब आम्ही गिरणीच्या फाटकावर कधी मानला नाही. विद्यापीठाच्या फाटकावर का मानावा?

आणि ही रीत त्या घराण्यात जुनीच होती. ज्यूलियस ॲक्सेलरॉड हे पदवीच्या जोरावर न चढलेले सहायक; आपल्या कामाचे श्रेय वरिष्ठ बर्नार्ड ब्रोडी यांच्याकडे जाते म्हणून ते वेगळे झाले, चाळिशी उलटल्यावर १९५५ मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि १९७० मध्ये नोबेलचे मानकरी झाले. स्नायडर तयार झाले ते याच ॲक्सेलरॉडांच्या हाताखाली.