वर्गणीदारांची वही

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात संपादकांची चरित्रे, त्यांची मते आणि त्यांचे वादविवाद यांची चर्चा विपुल झाली आहे. परंतु संपादकाच्या मेजाच्या खणात असणारी एक वस्तू त्या चर्चेत सहसा येत नाही. ती म्हणजे वर्गणीदारांची वही. नाव, गाव, वर्गणी केव्हा आली आणि केव्हा संपते, एवढाच तिचा मजकूर. तथापि कोणाच्या आश्रयाखाली नसलेल्या लेखकाला वाचकाशी बांधून ठेवणारा धागा जर कोणता असेल, तर तो हीच वही होय, असे आमचे मत आहे. लेखन वाहून नेणारी साधने वेळोवेळी बदलत आली. ज्याच्याजवळ वही राहिली, त्याचा वाचकही राहिला. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्या वहीचा थोडासा इतिहास सुज्ञ वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ साली मुंबईत निघाले. भाऊ महाजनांचे 'प्रभाकर' १८४१ साली सुरू झाले, आणि त्याच पत्रातून १८४८ पासून लोकहितवादींची 'शतपत्रे' प्रसिद्ध होऊ लागली. त्या काळी टपालाचा आकार वजनाबरोबरच अंतरावरही अवलंबून असे. जितके गाव दूर, तितके टपालहशील अधिक. त्यामुळे मुंबई-पुण्याबाहेरच्या वाचकापर्यंत पोहोचणे ही संपादकाच्या दृष्टीने मोठ्या खर्चाची गोष्ट होती. लेखकाजवळ विचार होते, छापखाने होते, पण वाचकापर्यंतची वाट महाग होती.

ही वाट १८५४ साली रुंद झाली. त्या वर्षीच्या कायद्याने सर्व हिंदुस्थानासाठी एकच दर ठरला, आणि हलक्या पत्रास अर्ध्या आण्याचे तिकीट लावले की ते शेजारच्या तालुक्यास जावो अथवा पेशावरास, आकार तोच राहिला. पुढे १८७७ साली व्ही. पी. ची पद्धत आली. १८७९ च्या जुलैत पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले, आणि १८८० च्या प्रारंभी टपालखात्याने मनिऑर्डरीचे काम हाती घेतले. पोस्टकार्डाने वाचकाला स्वस्तात बोलता येऊ लागले, मनिऑर्डरीने वर्गणी पाठविता येऊ लागली आणि व्ही. पी. ने मधल्या दलालाशिवाय अंक आणि पैसा यांची अदलाबदल होऊ लागली. अवघ्या चार वर्षांत घडलेल्या या तीन गोष्टींनी मराठी मासिकांना जे बळ दिले, त्याची नोंद वाङ्मयेतिहासात अधिक ठळकपणे व्हावयास हवी.

याच संधिकालात विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' चालू होती. १८७४ ते १८८१ या अवधीत तिचे ८४ अंक निघाले, आणि त्यांतील जवळजवळ सर्व लेखन एकहाती होते. मालेचा आरंभ झाला तेव्हा शास्त्रीबोवा सरकारी शाळेत शिक्षक होते. १८७९ साली त्यांनी ती नोकरी सोडली. पुढच्याच वर्षी न्यू इंग्लिश स्कूल निघाले, आणि १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' सुरू झाला. नोकरी सोडलेल्या लेखकाला वाचकाच्या वर्गणीखेरीज दुसरा आधार कोणता? शिवाय १८७८ च्या देशी वृत्तपत्रांच्या कायद्याची टांगती तलवार होतीच. अशा वेळी ज्यांनी आपले नाव व गाव कळवून अंक मागविले, ते वाचक म्हणजे केवळ गिऱ्हाईक नव्हते. लेखकाच्या स्वातंत्र्याचे ते जामीनदार होते.

वहीचे हे महत्त्व सरकारनेही आपल्या परीने ओळखले होते, हे वाचून काहींना नवल वाटेल. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्याच्या नवव्या कलमात वर्तमानपत्र म्हणून नोंदणी करून घेण्यासाठी दोन अटी होत्या. एक, अंकांमधील अंतर ३१ दिवसांहून अधिक नसावे. आणि दुसरी, त्या पत्राजवळ वर्गणीदारांची खरीखुरी यादी असावी. अशी नोंदणी झाली म्हणजे पत्र सवलतीच्या दराने पाठविता येई. कायद्याने मजकुराचा दर्जा विचारला नाही की संपादकाची विद्वत्ता विचारली नाही. "तुमचे वाचक कोण, त्यांची यादी दाखवा," एवढेच विचारले. तो कायदा सव्वाशे वर्षे टिकला. २०२३ साली संमत झालेल्या नव्या कायद्याने २०२४ च्या जूनमध्ये त्याची जागा घेतली.

विसाव्या शतकात मराठी मासिकांचा प्रसार वाढला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली काढलेल्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक प्रसिद्ध केला. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे वार्तापत्र म्हणून १९२० साली शं. वा. किर्लोस्करांनी सुरू केलेली 'किर्लोस्कर खबर' पाहता पाहता घराघरांतील मासिक झाली. रेल्वे, टपाल, लष्कर, गिरण्या यांतील नोकरीच्या निमित्ताने दूरदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांना जेथे मराठी पुस्तकांचे दुकान नव्हते, तेथे पोस्टमनच त्यांचा पुस्तकविक्रेता होता. बदलीच्या नोकरीत बिऱ्हाड हलविताना रेशनकार्डाइतकीच आठवणीने करावयाची गोष्ट म्हणजे मासिकाच्या कचेरीस नवा पत्ता कळविणे, हे आमच्या पिढीतील अनेकांना स्मरत असेल. वेष्टणावर पत्त्याशेजारी वर्गणीदार क्रमांक असे, आणि पत्रव्यवहारात तो अवश्य लिहावा अशी विनंती अंकात छापलेली असे. या क्रमांकामुळे दूरच्या वाचकालाही आपण कोणाच्या तरी वहीत आहोत, असा दिलासा मिळे.

ही व्यवस्था निर्वेध होती असे मात्र नाही. मागविलेली व्ही. पी. वाचकाने परत केली की जाण्यायेण्याचा खर्च संपादकाच्या माथी बसे. कागद महागला, टपालदर चढले, जाहिराती आटल्या. अनेक मासिके मिटली. १९८२ साली 'सत्यकथा'ही बंद पडले. साठनंतरच्या तरुण लेखकांनी तर प्रस्थापित मासिकांकडे पाठ फिरवून चक्रमुद्रित अनियतकालिके काढली आणि ती हातोहाती वाटली. त्यांचा वाचकवर्ग लहान होता, परंतु तो परिचयाचा होता.

आता संगणक आणि भ्रमणध्वनी यांचे युग आले आहे. स्वतःच्या संकेतस्थळावर, कोणाही संपादकाच्या संमतीवाचून, एकट्याने लिहिणारे मराठी लेखक आज देशोदेशी आहेत. छपाईचा खर्च नाही, टपालहशील नाही. तथापि यांतील बहुतेकांची वही त्यांच्या खणात नसून दुसऱ्याच्या कपाटात आहे. याचे परिणाम गेल्या काही वर्षांत दिसून आले. ज्या सोयीमुळे नोंदविलेल्या लेखकाचे नवे लेखन वाचकापुढे आपोआप येई, ती 'गूगल रीडर' नावाची सोय १ जुलै २०१३ रोजी बंद झाली. योगायोग असा की त्याच महिन्यात भारतातील तारसेवेनेही निरोप घेतला. २०१४ च्या सप्टेंबरअखेर 'ऑर्कुट' मिटले. २०१८ च्या जानेवारीत 'फेसबुक'ने आप्तमित्रांच्या मजकुरास अग्रक्रम देण्याचे जाहीर केले, आणि स्वतंत्र पृष्ठे चालविणाऱ्यांचा मजकूर मागे पडू लागला. २०१९ च्या एप्रिलमध्ये 'गूगल प्लस'ही गेले. प्रत्येक वेळी लेखक तोच, वाचक तोच. मधली पेढी तेवढी मिटली अथवा तिने नियम बदलला, आणि दोघांची चुकामूक झाली.

यावर जाणत्या लेखकांनी काढलेला उपाय पाहिला म्हणजे इतिहासाची गंमत वाटते. ते वाचकांकडून ई-मेलचा पत्ता मागून घेतात, त्यांची यादी स्वतःजवळ ठेवतात, आणि नवे लेखन झाले की प्रत्येकास पत्र धाडतात. वाचक उत्तर देतो, ते थेट लेखकाच्या हाती पडते. चव्हाट्यावरील गर्दी ते टाळीत नाहीत. तेथे नवा वाचक भेटतो हे त्यांना ठाऊक आहे. परंतु भेटलेल्या वाचकाचा पत्ता ते आपल्या वहीत उतरवून घेतात. हा उपाय नवा नाही. नव्या साधनाने केलेले ते वर्गणीदारांच्या वहीचेच पुनरुज्जीवन आहे.

हा विचार केवळ लेखकांपुरता नाही. महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळ हेही एका अर्थी वर्गणीदारांच्या वहीवरच उभे असते. एके काळी गणेशोत्सवाची वार्ता पोस्टकार्डाने जाई, आणि पत्ता चुकला तर कार्ड परत येऊन चूक कळे. आज ती व्हॉट्सॲपच्या गटावर जाते. तेथे कोणाचा क्रमांक बदलला, कोणी बदलीवर गेले, की ते कुटुंब नकळत गळते; परत येणारे कार्ड नाही, म्हणून चूकही कळत नाही. ज्या वृद्ध सभासदांना भ्रमणध्वनीवर वाचणे जमत नाही, ते तर आधीच गळलेले असतात. यास्तव मंडळाची सभासदांची वही दरवर्षी घरोघर विचारून दुरुस्त व्हावी, आणि या स्मरणिकेच्या अखेरीस ती छापण्याची प्रथा मोडू नये, अशी आमची नम्र सूचना आहे.

साधने येतील व जातील. त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु आपल्या माणसांची नावे व ठावठिकाणे आपल्याच हस्ताक्षरात, आपल्याच कपाटात असावीत. मराठी लेखणीने जवळजवळ दोनशे वर्षांत शिकलेला हा धडा मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांस उपयोगी पडो, हीच शुभेच्छा.