तळटीप : ‘दानापासून बैर-शेबापर्यंत’
‘दानापासून बैर-शेबापर्यंत’ हा इस्राएल लोकांच्या भूमीची दक्षिणोत्तर व्याप्ती सांगणारा बायबलमधील रूढ शब्दप्रयोग आहे. दान हे हर्मोन पर्वताच्या पायथ्याशी, यार्देन नदीच्या एका उगमाजवळ वसलेले नगर, तर बैर-शेबा हे नेगेव वाळवंटाच्या तोंडाशी विहिरींवर जगणारे गाव, आणि दोहोंतील सरळ अंतर जेमतेम 240 किलोमीटर. एवढ्याशा पट्ट्यात यरुशलेमचा सुमारे 750 मीटर उंचीचा डोंगरमाथा आणि समुद्रसपाटीच्या 400 मीटरांहून अधिक खाली असलेला मृत समुद्र शेजारी-शेजारी आहेत. मात्र येथील धर्मविचार समजून घ्यायचा तर उंचसखलपणापेक्षा पाऊस अधिक महत्त्वाचा ठरतो. मिसर देशाची शेती नाईलच्या पाण्यावर पिके. येथे डोंगरउतारावरच्या गहू-जवाला आभाळाखेरीज आधार नव्हता. हिवाळ्याच्या तोंडाशी येणारा ‘योरे’, म्हणजे उन्हाने भेगाळलेली जमीन नांगरटीजोगी करणारा पहिला पाऊस, आणि वसंतात कणसात दाणा भरवणारा शेवटचा ‘मल्कोश’, हे दोन्ही वेळेवर पडणे हे करार, म्हणजे देव आणि त्याची प्रजा यांच्यातील परस्परबंधन, पाळल्याचे फळ होय, अशी मांडणी ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या 11व्या अध्यायात आहे. भूगोल आणि श्रद्धा यांची इतकी घट्ट वीण क्वचितच आढळते. सुक्कोथ, म्हणजे मांडवांचा सण, संपताना म्हटली जाणारी पर्जन्यप्रार्थना याच ऋतुचक्रातून आली आहे. म्हणूनच कोकणातील बेने इस्रायल समाजातही ती आश्विनाच्या आसपास, तेथील पावसाळा सरत असताना, म्हटली जाते.